पात्र आणि पात्रता : टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांतील व्यक्तिनिर्मितीच्या नियमांचे एक वाचन

कादंबरीतले पात्र कसे घडते, याविषयी मराठी समीक्षेत भरपूर लिहिले गेले आहे. लेखकाने पात्र 'उभे केले' की ते 'आपसूक उभे राहिले', त्याच्या वागण्यामागे पुरेशी कारणे आहेत का, ते सपाट आहे की भरीव, हे आपले नेहमीचे प्रश्न. पण पात्र कसे घडवावे याचे नियमच छापून, बांधून विकणारा एक लेखनप्रकार गेली पन्नास वर्षे अस्तित्वात आहे आणि त्याच्याकडे आपण समीक्षेच्या नजरेने क्वचितच पाहतो. हा लेखनप्रकार म्हणजे टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांची नियमपुस्तके. त्यांतल्या ज्या प्रकरणाला इंग्रजीत 'कॅरेक्टर क्रिएशन' म्हणतात, तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गेम मास्टर असतो. तो जगाचे वर्णन करतो आणि इतरांनी सांगितलेल्या कृतींचे परिणाम ठरवतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात : मी दार ढकलते, मी त्या सावकाराला खोटे सांगतो. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे. प्रेक्षक नसतो, संहिता नसते. प्रत्येकापुढे असतो तो एक कागद, कॅरेक्टर शीट. त्यावर काय लिहायचे, किती लिहायचे आणि ते कोणी ठरवायचे, हे नियमपुस्तक सांगते. माणसाबद्दल नोंदवण्याजोगे काय आणि सोडून देण्याजोगे काय, याचा निवाडा त्या कागदाच्या रकान्यांत आधीच झालेला असतो. म्हणून तो वाचण्यासारखा आहे.

या प्रकाराचा उगम युद्धखेळांत आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९च्या सुमारास 'ब्राउनस्टाइन' नावाचा एक प्रयोग केला. त्यात खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला गेला. त्याच वर्तुळातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स यांनी पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' रचला. १९७४ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली : तीन पुस्तिकांची एक पेटी, किंमत १० डॉलर, प्रती १०००. या पुस्तिकांत पात्र घडवणे म्हणजे सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकणे. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि समोरच्यावर पडणारी छाप. आकडे पडतील त्या क्रमाने लिहायचे. गंमत म्हणजे फासे खेळाडूने नव्हे, खेळ चालवणाऱ्याने टाकावेत असे मूळ पुस्तिका सांगते. तुमचा जन्म दुसऱ्याच्या हातून. निवडीला उरते काय, तर मुख्यतः लढवय्या, जादूगार की धर्मोपदेशक, हे.

आजच्या खेळाडूला ही पद्धत जुलमी वाटते. तिचा एक गुण मात्र लक्षात घेतला जात नाही. तीन फाशांची बेरीज ३ ते १८, म्हणजे १६ शक्यता. सहा गुणांच्या मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ वेगवेगळ्या नोंदी होऊ शकतात. याउलट २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सोयीसाठी जो तयार संच दिला आहे (१५, १४, १३, १२, १०, ८), तो खेळाडूने हव्या त्या गुणांना वाटायचा. त्याच्या रचना होतात ७२०. त्यातही जादूगार करणारा १५ बुद्धीलाच देणार आणि ८ बहुधा ताकदीला, म्हणजे प्रत्यक्षात मूठभरच. जिथे काही निवडता येत नव्हते तिथे माणसे अनंत प्रकारची निघत. जिथे सगळे निवडता येते तिथे ती एकमेकांसारखी दिसू लागतात. हा विरोधाभास या लेखाच्या मुळाशी आहे. त्यावरून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढायची घाई मात्र कोणी करू नये. जुन्यात काय काय दडले होते ते पुढे येईलच.

मग निवडीची मागणी आली कुठून? मला वाटते, खेळाडूंच्या हौसेपेक्षा नियमांच्या गणितातून. १९७४च्या खेळात या आकड्यांचा परिणाम किरकोळ होता. ताकद १६ असलेला लढवय्या १० ताकदीच्या लढवय्यापेक्षा जोरात मारत नसे. त्याला अनुभवाचे गुण थोडे लवकर मिळत, इतकेच. १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने गुणांना धार आणली : जास्त ताकद म्हणजे घाव अचूक आणि खोल. आकडा चावायला लागला, तशी तो आपल्या हातात असावा ही इच्छा जागी झाली. पाठोपाठ फासे पुन्हा पुन्हा टाकणे आले, चार टाकून सर्वांत लहान वगळणे आले, आणि १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ने अशा पद्धतींना अधिकृत मान्यता देऊन टाकली. जगातल्या इतर काही गोष्टींसारखेच हे : नशिबाला आपण तोपर्यंतच उदारपणे मान्य करतो, जोपर्यंत त्याचे बिल येत नाही.

मराठीत 'पात्र' या शब्दाला नाटकातली व्यक्ती, भांडे, नदीचा तळ आणि लायक असे निदान चार अर्थ आहेत. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'साठी यातला चौथा अर्थ अगदी चपखल बसतो. तिथे पात्र होण्यासाठी पात्र असावे लागे. पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा. त्याच्यासाठी ताकद १२, बुद्धी ९, शहाणपण १३, काटकपणा ९ आणि छाप १७ ही किमान अट, शिवाय तो माणूसच असला पाहिजे. तीन फाशांच्या जुन्या हिशोबाने एवढे जमून येण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास आहे. म्हणजे सद्वर्तनाचे व्रत घ्यायचे तर आधी जन्मतःच रुबाबदार असायला हवे. नीतीला देखणेपणाची पूर्वअट घालणारा हा नियम लिहिणाऱ्याला विनोदी वाटला नसणार. मध्ययुगीन सरदारी कथांमधून तो सरळ उचललेला आहे आणि त्या कथांचे जग असेच आहे.

बाकीच्या पात्रता मात्र विनोदावारी नेण्यासारख्या नाहीत. लढवय्याची ताकद १८ आली की पुढे शतमानाने आणखी एक दर्जा मोजला जाई, ०१ ते १०० असा. पुरुषाला तो पूर्ण खुला होता. मानवी स्त्रीसाठी मर्यादा ५०. जादूचे अग्निगोल आणि बोलणारी तलवार ज्या जगात चालतात, तिथे वास्तवाची एवढी काळजी नेमकी याच ठिकाणी का वाटावी, हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारलाच पाहिजे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. 'हाफ-ऑर्क' या मिश्र वंशाच्या पात्राला छाप दोनाने कमी. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत बुद्धी दोनाने कमी आणि छापही दोनाने कमी. ड्वार्फ लढवय्याला ९व्या पातळीच्या वर जाता येत नसे, त्याने कितीही पराक्रम केला तरी. १९८१च्या 'बेसिक' संचाने तर एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग यांना निराळा पेशाच ठेवला नाही. एल्फ असणे हाच एल्फचा पेशा. जन्म आणि व्यवसाय एकच, आणि बढतीला छत. हा नियम वाचताना मराठी वाचकाला जे आठवेल ते लिहिणाऱ्यांच्या मनात नव्हते. त्यांना टॉल्किनच्या धर्तीचे जग हवे होते आणि माणसांना त्यात वरचष्मा. पण नियम लेखकाच्या मनातल्या हेतूवर चालत नाहीत, टेबलावर चालतात.

जाता जाता आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. त्याला वाघाचे डोके आहे, हातात पाइप आहे आणि धर्मोपदेशकाने मंत्रवलेल्या बाणाने तो मरतो. १९८०च्या 'डेइटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये इंद्र, अग्नी, वरुण यांची पत्रके आहेत, चिलखताचा दर्जा आणि हिट पॉइंटांसह. यावर रागावण्यापेक्षा मला त्यातली पद्धत लक्षणीय वाटते. जे जे नाव घेऊन येईल, मग तो देव असो की धान्याचे कोठार राखणारा शिपाई, त्याला त्याच रकान्यांत बसवायचे. हे मोजण्याचे वेड या खेळांना युद्धखेळांकडून वारशाने मिळाले आणि पुढची सारी कथा त्या वारशाशी झालेल्या भांडणाची आहे.

या भांडणातला पहिला मोठा ग्रंथ माझ्या मते 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांचा हा अंतराळप्रवासाचा खेळ १९७७ साली तीन काळ्या पुस्तिकांत आला. इथेही सहा गुण आहेत आणि फासेच आहेत. मात्र गुणांमध्ये शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा हे दोन मानाने बसले आहेत. प्रतिष्ठा ११ किंवा वर असली तर सरदारी पदवी. खरी नवलाई त्यानंतर सुरू होते. तुमचे पात्र १८ वर्षांचे आहे. ते नौदल, मरीन, लष्कर, टेहळणी दल, व्यापारी जहाजे किंवा 'इतर' यांपैकी कुठे नोकरीला लागू पाहते. फासे अनुकूल नसले तर नोकरी मिळत नाही आणि भरती करणारे नेतील तिकडे जावे लागते. मग चार वर्षांची एक मुदत. त्या मुदतीत जगलात का, त्याचा फासा. हुद्दा मिळाला का, बढती मिळाली का, कोणते कौशल्य हाती लागले, सगळ्यांचे फासे. मुदत संपली की पुढची चार वर्षे घ्यायची की निवृत्त व्हायचे हे तुम्ही ठरवायचे. तेही दलाने ठेवून घेतले तर. आणि क्वचित फासे असे पडतात की तुम्हाला सुटायचे असले तरी दल सोडत नाही.

जगण्याचा फासा चुकला तर पात्र मरते. खेळ सुरू होण्याआधी. तासभर खपून घडवलेला कागद बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. टेहळणी दलात दोन फाशांवर ७ किंवा अधिक यावे लागतात; काटकपणा फारसा नसलेल्या पात्राला तीन मुदती तगण्याची संधी पाचात एक. या नियमाची रोल-प्लेइंग खेळणाऱ्यांमध्ये पन्नास वर्षे थट्टा चालली आहे. १९८१च्या सुधारित आवृत्तीत त्याला पर्याय दिला गेला आणि २००८च्या नव्या आवृत्तीत मृत्यूची जागा अपघाताने घेतली. मला ही सुधारणा समजते, पटत नाही. कारण मूळ नियमात जे आहे ते रोल-प्लेइंगच्या साऱ्या वाङ्मयात दुर्मीळ आहे : महत्त्वाकांक्षेची खरी किंमत. प्रत्येक मुदतीनंतर खेळाडूपुढे एकच प्रश्न असतो. आणखी एखादे कौशल्य, एखादी बढती पदरात पाडायची, की आहे तेवढ्यावर बाहेर पडायचे? चौथ्या मुदतीच्या शेवटी वय ३४ होते आणि तिथून शरीर झिजायला लागते, तेही फाशांनी. पाच मुदती भरल्या तर निवृत्तिवेतन. व्यापारी जहाजावर नशीब उघडले तर निवृत्तीच्या वेळी स्वतःचे जहाज मिळते, ४० वर्षांच्या हप्त्यांसह. गृहकर्ज फेडणाऱ्या वाचकाला या वीरनायकाविषयी वेगळे काही सांगायला नको.

म्हणून 'ट्रॅव्हलर'चे पात्र टेबलावर येते ते मध्यमवयीन, काहीशा ओढगस्तीचे आणि भूतकाळ असलेले. त्याचा भूतकाळ खेळाडूने रचलेला नसतो, सोसलेला असतो. माझ्या एका पात्राला लष्करात १२ वर्षे काढून तलवारबाजी तीनदा शिकायला मिळाली आणि बाकी काही नाही. असा माणूस कोण असेल, कुठल्या चौकीवर सडला असेल, हे मला शोधावे लागले. मनातून काढून लिहायला सांगितले असते तर मी त्याला एक मेलेला भाऊ आणि सूडाची शपथ दिली असती, जशी सगळे देतात. इथे नियम आणि खेळाडू मिळून लिहितात. नियमाचा भाग अनपेक्षिताचा आणि खेळाडूचा भाग अर्थ लावण्याचा. कादंबरीकाराला पात्र 'हाताबाहेर जाते' म्हणजे काय होते ते ज्याला अनुभवायचे असेल, त्याने ही काळी पुस्तिका घेऊन एक दुपार बसावे.

दुसरे भांडण अगदी उलट दिशेने झाले. १९८१चा 'चॅम्पियन्स' हा अतिमानवी वीरांचा खेळ आणि १९८६चा स्टीव्ह जॅक्सन यांचा 'गर्प्स' यांनी फासे बाजूला सारून खेळाडूच्या हातात गुणांची थैली दिली. 'गर्प्स'मध्ये साधारण १०० गुण. त्यातून ताकद विकत घ्या, भाषा घ्या, श्रीमंती घ्या. थैली पुरत नसेल तर उणिवा घ्या. त्यांचे गुण परत मिळतात. एक डोळा नसणे म्हणजे १५ गुण. पूर्ण अंधत्व, ५०. गुण संपले की हिशेब जुळला पाहिजे.

या पद्धतीची समतेची बाजू खरी आहे. चौघांनी सारखेच खर्चले असल्याने कोणाचे पात्र फाशांच्या लहरीवर लंगडे होत नाही. 'चॅम्पियन्स'मध्ये तर उणिवांच्या यादीत मागावर असलेला शत्रू आणि सांभाळावी लागणारी दुबळी माणसे येतात. म्हातारी आत्या घेतली की गुण मिळतात, पण ती केव्हातरी पळवली जाणार हे खेळाडूने लेखी कबूल केलेले असते. कथानकाचे बीज खेळाडूने स्वतः पुरवण्याची ही हुशार युक्ती आहे. पण 'गर्प्स'च्या त्याच यादीत सामाजिक कलंकही आहे. दुय्यम दर्जाचे नागरिकत्व घेतले तर ५ गुण, तुच्छ लेखल्या जाणाऱ्या अल्पसंख्य गटात जन्म घेतला तर १०. त्या गुणांतून मग तलवारबाजी सुधारायची. समाजाने लादलेला अन्याय इथे ग्राहकाला मिळालेली सूट होऊन येतो. नियमाचे म्हणणे असे की उणीव खेळात आड आली तरच तिला मोल, आणि ते बरोबरच आहे. पण ती आड आणायची कोणी? गेम मास्टरने. तो विसरला, किंवा मित्राला वारंवार अपमानित करण्याची त्याला लाज वाटली, की कलंक उरतो फक्त कागदावर आणि सूट मात्र टेबलावर वापरली जाते. जो अपमान कधीही होत नाही त्याची आगाऊ भरपाई. आणि लाज वाटली नाही तर? मग चार तास एका मित्राचा हिशेबाने अपमान. दोन्ही तऱ्हांनी साहित्य म्हणून ते खोटे पडते, कारण अपमान सोसणाऱ्याने तो निवडलेला नसतो, हीच तर अपमानाची जात आहे.

२००० साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने दोन्ही परंपरा एकत्र केल्या. पातळ्यांची छते आणि वंशानुसार पेशांवरच्या बंद्या काढून टाकल्या, हे तिचे श्रेय. सोबत 'फीट' नावाची सुट्या कौशल्यांची रेलचेल आली. एका फीटसाठी दुसरा आधी हवा, त्यासाठी तिसरा. पात्र आता विसाव्या पातळीपर्यंत आगाऊ आखावे लागे. खेळाडूंच्या बोलण्यात 'बिल्ड' हा शब्द रुळला तो याच काळात, आणि इमारतीच्या नकाशासारखाच तो आहे. नकाशा पूर्ण झालेल्या इमारतीत राहायला जाणारा माणूस वाटेत बदलत नाही. साहसात त्याने मित्र गमावला, श्रद्धा गमावली, तरी सहाव्या पातळीचा फीट आधीच ठरलेला असतो. यामागे व्यापाराचेही कारण दिसते. टेबलावर गेम मास्टर एक आणि खेळाडू चार. साहसकथा फक्त मास्टर विकत घेतो, पर्यायांचे पुस्तक चौघेही घेऊ शकतात. पर्यायांची पुस्तके वाढत जाणे अटळच होते. शिवाय जे पात्र घडवायला १९७४ साली पाच मिनिटे लागत, त्याला आता एक संध्याकाळ लागू लागली. एवढी मेहनत केलेले पात्र पहिल्या खोलीतल्या उंदराने मारले तर कसे चालेल? मरण दुर्मीळ झाले, आणि त्याबरोबर भीतीही.

इतके लिहून झाल्यावर निवडीच्या विरोधात मी आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही, आणि त्याचे कारण म्हणजे टेबलावर बसणारी माणसे बदलली. फासे आंधळे असतात, पण १९७८च्या पुस्तकातले तक्ते आंधळे नव्हते. २०१४च्या पुस्तकाने पात्राला स्त्री-पुरुष या दुहेरी चौकटीत राहण्याचे बंधन नाही असे स्पष्ट छापले, तेव्हा आपल्याला या टेबलावर जागा आहे असे प्रथमच वाटलेले खेळाडू मी पाहिले आहेत. २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने वंशाला चिकटलेली गुणवाढ हवी तिकडे फिरवण्याची मुभा दिली. २०२४च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तर 'वंश' हा शब्दच गेला. त्याजागी 'प्रजाती' आली आणि गुणवाढ तिच्यापासून पूर्ण तोडली गेली. ऑर्क आता जन्मतः मूर्ख नाही. हे चांगले झाले, निःसंदिग्धपणे चांगले झाले.

मात्र ती गुणवाढ गेली कुठे, ते पाहावे. नव्या पुस्तकात १० प्रजाती, १६ पार्श्वभूमी, १२ पेशे आणि त्यांचे ४८ उपप्रकार आहेत. गुणवाढ आता पार्श्वभूमीला बांधलेली आहे, म्हणजे साहसाला निघण्यापूर्वी पात्र काय करत होते त्याला. प्रत्येक पार्श्वभूमीपुढे तीन गुण छापलेले; वाढ त्यांतच करायची. उमरावापुढे ताकद, बुद्धी आणि छाप. विद्वानापुढे काटकपणा, बुद्धी, शहाणपण. शेतकऱ्यापुढे ताकद, काटकपणा, शहाणपण. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला जादूगार व्हायचे असेल, तर जादूगाराला जी लागते ती बुद्धी तिला वाढवून मिळत नाही. उमरावाच्या मुलीला मिळते. २०१४च्या पुस्तकात शेतकरीण जादूगार होताना असे काही हरत नव्हती, कारण तेव्हा पार्श्वभूमीला गुणवाढ नव्हतीच, आणि आपली पार्श्वभूमी आपण रचण्याची परवानगी खेळाडूच्या पुस्तकातच होती. आता नवी पार्श्वभूमी रचण्याचे मार्गदर्शन गेम मास्टरच्या पुस्तकात आहे. म्हणजे मागावी लागते.

रचनाकारांना यात वावगे दिसले नसावे. रक्तापेक्षा कामाने माणूस घडतो, हे त्यांना उदार वाटले असणार, आणि अमेरिकेत ते तसे वाटेलही. आपल्याकडच्या वाचकाला मात्र हे ठिकाण ओळखीचे आहे. जन्मावरून नव्हे, गुणकर्मावरून विभागणी, हा युक्तिवाद आपण पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे, आणि ज्याच्या वाट्याला नांगर आला त्याला पुस्तक कोणी नाकारले हेही आपल्याला ठाऊक आहे. १८ वर्षांच्या शेतकरी मुलीने शेती 'निवडली' असे म्हणणे आणि तिचा जन्म तिथे झाला असे म्हणणे, यांत फरक किती? नियमातून वंश काढून टाकता येतो. माणसाला आधीच कुठेतरी बसवून ठेवण्याची सवय त्या कागदाच्या रकान्यांत मुरलेली असते, तिचे काय? त्याच पुस्तकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क ही दोन मिश्र कुळेही गळाली आहेत. जुन्या नियमांनी त्यांना कमी लेखले हे खरे. पण दोन घरांत वाढून कोणत्याच घरचे न होणे हा अनुभव मांडायला या खेळात तेवढीच एक जागा होती. ती सुधारायची सोडून पुसली.

मग चांगला पर्याय कोणता? मला जे दोन ग्रंथ सर्वांत पुढे गेलेले वाटतात, त्यांत पर्याय मोजकेच आहेत. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये व्हिन्सेंट बेकर यांनी प्रत्येक प्रकारच्या पात्रासाठी घडीपत्रिका दिली. नावे यादीतून निवडायची, चेहरा, कपडे, नजर यादीतून खुणा करायची. टेबलावर एका प्रकारचे पात्र एकच. दहा मिनिटांत काम होते. पण त्यानंतर 'इतिहास' नावाचा रकाना येतो. प्रत्येक खेळाडू इतरांना काही ठरावीक प्रश्न विचारतो, ज्याला लागू असेल तो हो म्हणतो, आणि त्या उत्तरांवरून आकडे लिहिले जातात : मी तुला किती ओळखतो. हे आकडे दोन्ही बाजूंना सारखे नसतात. तू मला ३ ओळखतेस, मी तुला उणे १. ताकद आणि बुद्धीच्या आकड्यांशेजारी हा आकडा पाहिला तेव्हा मला प्रथम वाटले की या कागदाला माणूस थोडा समजला. कारण हा गुण एकट्याचा नाही; तो दोघांच्या मधे आहे आणि दोघांपैकी कोणालाही एकट्याने तो निवडता येत नाही. इथे निवडही आहे आणि सोसणेही आहे. फरक एवढाच की फाशांची जागा शेजारी बसलेल्या माणसाने घेतली.

जेसन मॉर्निंगस्टार यांचा २००९चा 'फियास्को' आणखी टोकाला जातो. हा फसलेल्या बेतांचा, छोट्या माणसांच्या मोठ्या हव्यासांचा खेळ. गेम मास्टर नाही. ताकद नाही, बुद्धी नाही, पत्रकच नाही. सगळे फासे एकदम टाकून मध्ये ठेवायचे आणि एकेक आकडा उचलून तक्त्यांतून ठरवायचे ते दोन शेजाऱ्यांमधले नाते. ते कार्डावर लिहून दोघांच्या मधे ठेवायचे : जुने व्यावसायिक भागीदार, किंवा सासरा-जावई. त्या नात्याला मग एखादी गरज, एखादी जागा किंवा एखादी वस्तू जोडली जाते. डावीकडचे नाते आणि उजवीकडचे नाते या दोहोंच्या कात्रीत जो सापडतो तो तुमचा नायक. त्याला नाव सगळ्यांत शेवटी मिळते.

पर्यायांच्या यादीवर वाढलेला खेळाडू इथे गोंधळतो. आमच्या टेबलावर एकाने वैतागून विचारले होते, "अरे, पण माझ्या माणसात विशेष काय आहे?" त्याच्या डावीकडे बसलेल्या बाईंनी कार्डावर बोट ठेवले. त्यावर लिहिले होते की त्याने तिच्याकडून पैसे घेतले आहेत आणि ते कशासाठी, हे तिच्या नवऱ्याला कळता कामा नये. नवरा त्याच्या उजवीकडे बसला होता.